दोर कोण ओढणार

खून झाला की माझ्या राजामावशीला हुशारी यायची. असं लिहिलेलं तिला मुळीच आवडलं नसतं, पण खरं ते खरं. सकाळी पेपरात ‘परळ येथे निर्घृण खून’ अशी ओळ दिसली की तिची कंबरदुखी पळायची, पुढ्यातला चहा गार व्हायचा आणि काका बिचारे आंघोळीचं पाणी आपलं आपणच काढून घ्यायचे. आरोपी सापडला की ती तारखेची चौकशी सुरू करायची. आणि खटला उभा राहिला की पातवडीचा डबा, फिरकीचा तांब्या आणि मला बरोबर घेऊन ती ट्रामने धोबीतलावला उतरायची, आणि तिथून तरातरा चालत हायकोर्टात.

मी तेव्हा कॉलेजात शिकत होते आणि मावशीकडे, गिरगावात राघोबाच्या वाडीत राहत होते. आईवडील बडोद्याला. पाठारे प्रभूंच्या घरातली मुलगी सुट्टीत खुनाचे खटले ऐकत बसते हे त्यांना कळलं असतं, तर पुढच्या गाडीने येऊन त्यांनी मला उचलून नेलं असतं. मावशीने त्यांना कळवलं होतं, की आम्ही राणीच्या बागेत जातो.

कोर्टातला पट्टेवाला तिला ओळखायचा. ‘बाई, आज साक्ष मोठी आहे’ म्हणून पुढच्या बाकावर जागा धरून ठेवायचा. तिथे मावशी ठाण मांडून बसायची आणि वकिलाने चुकीचा प्रश्न विचारला की ‘अरे मेल्या’ असं पुटपुटायची. तिचं मत ठाम होतं. जिवाला जीव. लटकवा. त्यात इतकी पुस्तकं चाळण्यासारखं काय आहे, हे तिला कधी कळलं नाही. ज्युरी आतून परत आली की ती फक्त एक गोष्ट बघायची: त्यांनी आरोपीकडे पाहिलं का? नाही पाहिलं तर ती माझ्या मांडीला चिमटा काढायची. म्हणजे गेला तो. तिचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही.

आणि फोरमनच्या तोंडून ‘दोषी’ हा शब्द बाहेर पडला रे पडला, की मावशी पदर खोचून उभी. ‘चल मृणाल. आता ऐकण्यासारखं काही नाही. उशीर झाला तर बाजारात कोलंबी मिळायची नाही.’ जज्जसाहेबांनी शिक्षा सुनावायच्या आत आम्ही जिना उतरत असायचो. इतके खटले ऐकले, इतके लोक तिने मनातल्या मनात लटकवले, पण फाशीची शिक्षा सुनावली जाताना तिने एकदाही ऐकली नव्हती. ह्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नाही. मला आपली कोलंबीच दिसत असायची.

आमच्या वाडीच्या गणपतीत एका संध्याकाळी अभिरूप न्यायालय असायचं. खोटा खटला, पण थाट सगळा खऱ्याचा. जज्ज कायमचे ठरलेले: अप्पा नवलकर. सॉलिसिटरच्या कचेरीत त्यांची हयात गेली होती, आणि मुलीचा पदवीदानाचा काळा झगा घालून ते अतिशय गंभीर दिसायचे. सरकारी वकील कायमची मावशी. आरोपी दरवर्षी नवा. एके वर्षी डास, एके वर्षी दुधात पाणी घालणारा गवळी. नियम दोनच, पण वाडी ते वेदासारखे पाळायची. पहिला, झालेली शिक्षा तिथल्या तिथे, गणपतीसमोर अमलात आणायची. दुसरा, त्याचा पहिला मान जिंकलेल्या वकिलाचा. गवळ्याला अख्ख्या वाडीला खरवस घालायची शिक्षा झाली, तेव्हा पहिला द्रोण मावशीने स्वतःच्या हाताने वाटला होता. ती कधी हरलीच नाही, त्यामुळे दुसरा नियम म्हणजे तिची इस्टेटच झाली होती.

मग ते साल आलं. छप्पन.

जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही असं रेडिओवर सांगितलं आणि गिरगाव पेटलं. परळ, लालबाग, सगळीकडून माणसं रस्त्यावर उतरली आणि गोळीबार झाला. आमच्या वरच्या मजल्यावर यशोदाकाकू राहायच्या. त्यांचा एकुलता एक शरच्चंद्र, वाडीचा शरद, बँकेत नुकता कायम झालेला, नाक्यावर काय चाललंय ते बघायला म्हणून गेला आणि परत आला तो चौघांनी उचलून. त्यावर मी अधिक लिहीत नाही.

मागच्या चाळीत रघुवीर सावंत नावाचा पोलीस शिपाई बायकोबरोबर राहायचा. मूळचा मालवणकडचा. पोलीस लाइनीत खोली मिळाली नव्हती म्हणून आमच्यात. त्या दिवशी तो आमच्याच नाक्यावरच्या तुकडीत होता. दुसऱ्या दिवसापासून वाडीने त्याचं नाव टाकलं. त्याची बायको चंपा नळावर आली की बायका आपापल्या कळश्या उचलायच्या, अर्ध्या भरल्या असल्या तरी. मीही उचलायचे. गणपती जवळ आले तेव्हा वीरेंद्र उठला. वीरेंद्र आमच्या मंडळाचा चिटणीस, कायद्याच्या कॉलेजात शिकणारा, आणि तापलेला तवा. तो म्हणाला, ह्या वर्षीचा खटला गोळीबाराचा. आणि आरोपीचं सोंग कुणी घ्यायचं नाही. रघुवीरनेच पिंजऱ्यात उभं राहायचं, नाहीतर खोली सोडून जायचं.

आम्हाला वाटलं तो सामान बांधेल. तो म्हणाला, ‘उभो ऱ्हवतंय. पण कोर्ट काय सांगात ता सगळ्यांनी ऐकूचा. निर्दोष म्हणालां तर नळ मोकळो. दोषी म्हणालां तर मी जातंय.’

वाडी कबूल झाली. वीरेंद्रने मागाहून पुस्ती जोडली, की फाशीच होणार आणि फाशी गेलेला माणूस वाडीत राहत नाही. म्हणजे विसर्जनाच्या आत बिऱ्हाड खाली. खोटा खटला, खरा माणूस आणि खरी खोली. ही भेसळ करताना आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही की आपण काही चुकतोय. उलट असा उत्साह मी वाडीत कधी पाहिला नव्हता.

मावशीला तर ताप चढल्यासारखं झालं होतं. डाव हातात धरून ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट रोखायची, ‘चाप ओढताना तुमचा हात थरथरला का?’ आणि आमटी उतू जायची. शरच्चंद्र तिच्या अंगाखांद्यावर वाढला होता. त्याच्यासाठी तिला जे काही करता आलं नव्हतं, ते सगळं तिला त्या एका संध्याकाळी करायचं होतं. आरोपीचं वकीलपत्र घ्यायला कुणी तयार होईना, तेव्हा आमचे कमलाकांतकाका उभे राहिले. ‘घरात बोलायला मिळत नाही, तिथे तरी मिळेल,’ म्हणाले. मावशी त्यांच्याशी खटला होईपर्यंत बोलली नाही.

त्या संध्याकाळी डिलाईल रोडवरून, दादरहून पाहुणे आले होते. गॅलऱ्या वाकल्या होत्या. मंडपाशेजारच्या बदामाच्या झाडाखाली पोरांनी गवताचं बुजगावणं ठेवलं होतं. त्याच्या अंगात निळा डगला, डोक्यावर पिवळी टोपी. डगला रघुवीरचाच, जुना, वाळत घातलेला दोरीवरून उचललेला. गळ्यात फास, आणि फासाचा दोर फांदीवरून खाली सोडलेला. चंपा मागे भिंतीला टेकून त्या डगल्याकडे बघत होती. यशोदाकाकू पहिल्या रांगेत खुर्चीवर.

मावशी उठली.

‘त्या दिवशी तुमच्या हातात काय होतं?’

‘बंदूक.’

‘झाडलीत?’

‘झाडलंय, बाय. एक.’

‘कुणाला लागली?’

‘माका म्हायत नाय. धूर होतो. माणसां धावत होती.’

‘का झाडलीत?’

‘ऑर्डर झाली. ऑर्डर देणारो माझ्या मागे उभो होतो.’

मावशी दोन पावलं पुढे गेली. ‘चापावर बोट त्याचं होतं का?’

रघुवीर खाली बघत म्हणाला, ‘नाय. माझांच होतां.’

वरच्या गॅलरीतून कुणीतरी हुंदका दिला. काय बोलली मावशी त्यानंतर! रक्ताचं नातं, खाल्ल्या मिठाचं नातं, आणि ज्या नळाचं पाणी दोघे प्यायले त्या नळाचं नातं, सगळं तिने त्याच्यासमोर मांडलं. काका चाचरत उठले. म्हणाले, गोळी ह्याचीच लागली हे कुणी पाहिलंय? आणि माणूस लटकवल्यावर आपलं चुकलं असं कळलं, तर काय करायचं? मावशी म्हणाली, ‘शरच्चंद्रच्या बाबतीत चुकलं तेव्हा कुणी काय केलं?’ टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या, हात लाल होईपर्यंत.

ज्युरी म्हणजे वाडीतले कर्ते पुरुष. ते मंडपामागे गेले आणि लगेच आले. पिंजऱ्याकडे एकानेही पाहिलं नाही. फोरमन दिघे म्हणाले, ‘दोषी.’

आणि मावशी सवयीने पदर खोचून, पिशवी उचलून निघाली.

लोक हसले. पण जायला वाट कुठे होती? गर्दी इतकी दाटली होती, की ती जेमतेम पिंजऱ्यापाशी पोहोचली आणि अडकली. अप्पांनी झगा सारखा केला. त्यांनी शिक्षा लिहून पाठ केली होती आणि आवाजही लावला होता. ‘आरोपी रघुवीर सावंत, तुम्हाला गळ्यात फास लावून, प्राण जाईपर्यंत, टांगण्यात यावं असा हे न्यायालय हुकूम करीत आहे.’ मग त्यांनी टाकाचं नीब टेबलावर दाबलं आणि मोडलं. तो कट् असा आवाज मागेपर्यंत ऐकू गेला.

मावशी रघुवीरपासून हातभर अंतरावर होती. मी तिच्यामागे. मी तिचं तोंड पाहिलं. चव नसलेला घास तोंडात आल्यासारखं झालं होतं ते. रघुवीरने काय केलं? त्याने टाचा जुळवल्या आणि अप्पांना कडक सॅल्यूट ठोकला. चेष्टेत नाही. हुकूम झाला की तो तेच करायचा.

पोरांनी एकच गिल्ला केला. वीरेंद्रने धावत जाऊन दोराचं टोक आणलं आणि मावशीच्या हातात दिलं. ‘मावशी, मान तुमचा.’

तिने दोर धरला. खरं तर एक हिसका द्यायचा होता. गवताचं बाहुलं, पोरंही ओढतील. अख्खी वाडी मान वर करून उभी होती. मावशी दोराकडे बघत राहिली. मग वळली. ‘अप्पा, शिक्षा तुम्ही दिलीत. तुम्ही ओढा.’

अप्पा चपापले. ‘राजलक्ष्मीबाई, आमचं काम सांगण्याचं. ओढण्याचं नव्हे.’

‘दिघे, तुम्ही घ्या.’

‘आम्ही फक्त दोषी म्हणालो,’ दिघे म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

‘वीरेंद्र?’

वीरेंद्रने हात पुढे केला होता, पण तेवढ्यात त्याची नजर चंपाकडे गेली आणि हात तसाच राहिला. ‘मी चिटणीस आहे, मावशी. नियमाने मान वकिलांचा.’

ती गर्दीकडे वळली, तर मघाशी घसा फोडून ‘लटकवा’ म्हणणारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एवढ्यात पिंजऱ्याचं लाकूड करकरलं. रघुवीर खाली उतरला. ‘द्या, बाय,’ तो म्हणाला. ‘मी ओढतंय. ही कामां आमचीच.’ त्याने मावशीच्या हातातून दोर सोडवून घेतला, मनगटाला गुंडाळला, आणि अप्पांकडे तोंड करून उभा राहिला. ‘ऑर्डर करा, सायब.’

अप्पांनी झगा छातीशी आवळून धरला.

मावशीने झडप घालून दोर परत ओढून घेतला. शेवटच्या गॅलरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, ‘पाहिलंत का? जानेवारीत हेच झालं ना? ठरवणारे मागे उभे आणि बोट ह्याचं. आज आपण कोण आहोत? आपणही मागेच उभे. दोषी दिघे म्हणणार, फाशी अप्पा देणार, मागितली ती तर मीच, टाळ्या तुमच्या. आणि ओढायला कोण? परत हाच. आणि उद्या नळावर ह्याच्याच नावाने बोटं मोडायची.’

‘म्हणजे सोडून द्यायचा?’ वीरेंद्र ओरडला. ‘आणि शरद?’

‘सोडायचं कोण म्हणालं?’ मावशी त्याच्या अंगावर धावून गेली. ‘गुन्हा मी शाबीत केलाय. त्यातला एक शब्द परत घेणार नाही. पण जो दोर माझ्याने ओढवत नाही, ती शिक्षा मी मागायची नाही. दुसऱ्याच्या हाताने तर नाहीच नाही.’

‘आरोपीच्या वकिलाची हरकत नाही,’ काका हळूच म्हणाले. मावशीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते खाली बसले. पण तिला ते आवडलं होतं.

आता अप्पांची पंचाईत झाली. खटला झाला, निकाल झाला, आणि शिक्षा नाही? त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. ‘यशोदाबाई, तुम्हीच सांगा.’

काकू उठल्या नाहीत. बसूनच म्हणाल्या, ‘शरद माझं पाणी भरायचा. खालून वर, रोज. आता ह्याने भरायचं. मला हा रोज दिसला पाहिजे. आणि मी ह्याला दिसले पाहिजे. मेलेलं बाहुलं बघून मी काय करू?’

‘किती दिवस, काकू?’ वीरेंद्रने विचारलं.

‘मी आहे तोवर.’

अप्पांनी हुकूम लिहायला टाक उचलला, तर त्याचं नीब मोडलेलं. मग पेनासाठी धावाधाव झाली आणि त्या धावाधावीत लोकांना परत श्वास घेता यायला लागला. अंमलबजावणी जागच्या जागी, हा नियम होताच. मावशीने वर जाऊन काकूंची तांब्याची कळशी आणली आणि वकिलाचा मान म्हणून आपल्या हाताने रघुवीरला दिली. नळ बंद होता. हौदातून त्याने भरून घेतली. तो जिना चढायला लागला तेव्हा बायका बाजूला झाल्या. चंपाने बुजगावण्याच्या अंगातला डगला काढला, झटकला आणि घडी घालून छातीशी धरला.

वाडीला हा निकाल पचला असं समजू नका. काहींनी पुढच्या वर्षीची वर्गणी दिली नाही. वीरेंद्र तर मावशीशी गणपती उठेपर्यंत भांडत होता. राक्षसासारखी माणसंही असतात, म्हणायचा, त्यांचं काय? मावशी म्हणायची, असतात की, मी त्यांना तुझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. पण दोर कोण ओढणार ते आधी सांग. हा तिचा एकच प्रश्न होऊन बसला. कुठेही फाशीची गोष्ट निघाली, लग्नाच्या पंगतीत का असेना, की ती वाकून विचारायची, ‘दोर कोण ओढणार? तुम्ही?’ एकदा शिवाजी पार्कच्या एका व्याह्याने छाती पुढे काढून सांगितलं, ‘हो, मी ओढीन. आनंदाने.’ मावशी म्हणाली, ‘मग तुमच्या हातात तर मुळीच देणार नाही.’ पंगतीत त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

खटल्यांना जायचं मात्र तिने सोडलं नव्हतं. ते व्यसन. पुढच्या वर्षी माझगावच्या एका माणसाचा खटला आम्ही पहिल्या साक्षीपासून ऐकला. भागीदाराला मारलं होतं त्याने, आणि मारलं होतं ह्यात शंका नव्हती. फोरमन ‘दोषी’ म्हणाला आणि मी सवयीने उठले. मावशीने माझा पदर ओढला. ‘बस. पुढचं ऐकायचंय.’

आम्ही ऐकलं. जज्जसाहेब इंग्रजीत बोलले, मग दुभाष्याने आरोपीला मराठीत सांगितलं. ऐकता ऐकता त्या माणसाने सदऱ्याचं वरचं बटण लावलं. बस, एवढंच. मावशी उभी राहिली आणि घरात हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, ‘आणि दोर कोण ओढणार?’

जागा धरून ठेवणाऱ्या त्याच पट्टेवाल्याने आम्हाला बाहेर काढलं. ‘बाई, तुम्ही पण?’ असं त्या बिचाऱ्याने तीनदा विचारलं. मी लाजेने अर्धमेली झाले होते. जिना उतरताना मावशीचे डोळे मात्र लखलखत होते. ‘विचारलं बाई एकदाचं,’ म्हणाली. त्यानंतर तिला आत सोडलं नाही आणि तिनेही मागितलं नाही. त्या दिवशी आम्ही बाजारात गेलो, पण तिने काही घेतलं नाही.

रघुवीर पाणी भरत राहिला. पहाटे पाळी असली तर आधी, रात्रपाळी असली तर नंतर. आजारी पडला तेव्हा चंपाने भरलं, तर काकूंनी कळशी परत खाली पाठवली. त्यानेच भरायचं, बरा झाल्यावर. काकू त्याच्याशी बोलत नसत. दार उघडत, तो कळशी ठेवी, त्या दार लावत. लाइनीत खोली मिळण्याची त्याची पाळी आली, तेव्हा त्याने ती दुसऱ्याला दिली. हे चंपाने नळावर सांगितलं. तोवर नळावर बायका तिच्याशी बोलायला लागल्या होत्या.

एक मे, साठ. मुंबईसह महाराष्ट्र झाला. वाडीत सकाळपासून तोरणं, पेढे, आणि वीरेंद्रचा घसा आधीच बसलेला. शिवाजी पार्कला लोकांचा समुद्र लोटणार होता आणि रघुवीरला तिथे बंदोबस्ताला जायचं होतं. मावशी आणि मी पेढे घेऊन काकूंकडे जात होतो. जिन्यात तो आमच्या पुढे होता, निळ्या वर्दीत, टोपी काखेत आणि खांद्यावर कळशी. त्याने ती दाराशी ठेवली आणि वळला.

काकूंनी दार लावलं नाही. ‘थांब,’ म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्याच्याशी बोललेला तो पहिला शब्द. मावशीने माझं मनगट घट्ट धरलं.

‘आज बंदूक दिलीय का?’ काकूंनी विचारलं.

‘नाय, आये. काठीच.’

काकूंनी मावशीच्या हातातल्या पुड्यातून एक पेढा घेतला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

‘बरं,’ त्या म्हणाल्या. ‘मग जा.’